विश्लेषण : यलो अलर्ट जिल्ह्याला, गारा मात्र शेजारच्या शिवारात! नाशिकचा वादळी पावसाचा अंदाज नेमका कसा वाचावा?

मार्च ते मे हे तीन महिने नाशिक जिल्ह्यासाठी पैशाचे, तितकेच धाकधुकीचे. द्राक्षांची शेवटची तोड सुरू असते, गहू-हरभरा मळणीला आलेला असतो आणि उन्हाळ कांदा एक तर शेतात उभा असतो किंवा काढून पसरलेला असतो. नेमक्या याच काळात मोबाइलवर संदेश येतो : ‘नाशिक जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह वादळी पाऊस व गारपिटीची शक्यता.’ हा संदेश वाचून कांदा झाकायचा, काढणी थांबवायची, की दुर्लक्ष करायचे? चुकीच्या निर्णयाची किंमत एका हंगामाइतकी असू शकते. हवामान विभागाचा अंदाज काय सांगतो, काय सांगत नाही आणि त्यावरून कोणता निर्णय कधी घ्यावा, याचे हे विश्लेषण.

मार्च-एप्रिलमध्येच आभाळ का फिरते?

वादळी पावसाला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात : तापलेली जमीन, हवेत बाष्प आणि हवा वर ढकलणारे काहीतरी कारण. मार्चपासून नाशिक, मालेगाव, नांदगावच्या पट्ट्यात जमीन वेगाने तापते. पहिली अट पूर्ण होते, पण एवढ्याने पाऊस पडत नाही. एरवी या दिवसांत वायव्येकडून येणारी हवा कोरडी असते.

बाष्प येते ते समुद्रावरून. बंगालच्या उपसागरावर किंवा अरबी समुद्रावर वाऱ्यांची विशिष्ट रचना तयार झाली, की दमट हवा थेट मध्य महाराष्ट्रापर्यंत पोहोचते. कोरडी आणि दमट हवा जिथे एकमेकींना भिडतात, तिथे हवामान विभागाच्या भाषेत ‘द्रोणिका’ म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा तयार होतो. कर्नाटकपासून मराठवाडा, विदर्भापर्यंत पसरलेली अशी द्रोणिका उन्हाळ्यात वारंवार दिसते. त्यातच उत्तर भारतावरून जाणाऱ्या पश्चिमी विक्षोभाचा प्रभाव दक्षिणेकडे उतरला, तर वरच्या थरात थंड हवा येते. खाली गरम-दमट आणि वर थंड, ही स्थिती अत्यंत अस्थिर. दुपारच्या उन्हाने एक धक्का दिला की तासा-दोन तासांत ढग १२ ते १५ किलोमीटर उंच वाढतो. सातमाळा किंवा बागलाणातील सेलबारी-डोलबारीसारख्या डोंगररांगा हवेला वर चढवायला आणखी मदत करतात. म्हणूनच सकाळी लख्ख ऊन, दुपारी मळभ आणि तीन-चारनंतर कडकडाट, हा क्रम आपल्याकडे ओळखीचा आहे.

गारा कशा तयार होतात?

या काळात आपल्याकडे साधारण साडेचार ते पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंशाला येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ही पातळी त्याहून थोडी खाली असते, मेमध्ये वर सरकते. ढगातील वर जाणारा झोत पाण्याचे थेंब या पातळीच्या वर नेतो. तिथे थेंब शून्याखालीही काही काळ द्रवरूपात राहतात आणि बर्फाच्या कणावर आदळताच गोठतात. झोत जितका जोरदार, तितका हा कण अधिक वेळ वर तरंगतो आणि थरावर थर चढून गार मोठी होते. तिचे वजन झोताला पेलेनासे झाले की ती खाली येते.

खाली येताना गरम हवेतून जावे लागते, त्यामुळे बारीक गारा वाटेतच वितळून पाऊस होतात. शून्य अंशाची पातळी खाली असेल तर हा वितळण्याचा प्रवास कमी होतो. फेब्रुवारी-मार्चच्या वादळात गारा जमिनीपर्यंत टिकण्यामागे हेही एक कारण आहे. दोन सेंटिमीटर व्यासाची गार ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने आदळते. द्राक्षाच्या मण्याला, डाळिंबाच्या कळीला किंवा कांद्याच्या पातीला हा मार सोसणारा नाही.

नाशिकचा आजवरचा अनुभव काय?

२०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या मोठ्या भागात गारपीट होत राहिली. एका दिवसाचे नव्हे, दोन-अडीच आठवड्यांचे ते संकट होते आणि नाशिकसह उत्तर महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भातील रब्बी पिके व फळबागा त्यात सापडल्या.

२०२३ च्या मार्च आणि एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्याने अवकाळी पाऊस व गारपिटीचे एकापाठोपाठ फेरे पाहिले. मार्चच्या मध्यात गारा पडत असताना जुन्या पेन्शनसाठी राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा संप सुरू होता. १४ ते २० मार्च या संपाच्या काळात पंचनामे रखडले आणि शेतकरी झोडपलेले पीक तसेच ठेवून वाट पाहत राहिले. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला निफाड, दिंडोरी परिसरात गारांनी द्राक्षबागा झोडपल्या. म्हणजे गारपीट ही फक्त उन्हाळ्याची गोष्ट नाही.

मे २०२५ मधील फटका वेगळा होता. तिथे प्रश्न गारांचा कमी, सततच्या पावसाचा अधिक होता. मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. त्याआधीही राज्यात पाऊस सुरूच होता. काढून ठेवलेला उन्हाळ कांदा सुकण्याआधीच भिजला. चाळीत टिकणारा माल सडण्याच्या भीतीने बाजारात आला.

हा पाऊस ‘अवकाळी’ की ‘मान्सूनपूर्व’?

हवामान विभागाच्या दिनदर्शिकेत मार्च ते मे हा ‘मान्सूनपूर्व’ हंगाम आहे. त्यामुळे या काळातील पाऊस त्यांच्या लेखी हंगामातलाच असतो. गावात मेमधल्या पावसाला ‘वळीव’ म्हणतात आणि त्याचे स्वागतही होते. मार्चमध्ये मात्र तोच पाऊस ‘अवकाळी’ ठरतो, कारण पिकाचा काळ वेगळा असतो. शब्द वेगळे असले तरी ढग त्याच जातीचा. बातमी वाचताना एवढे लक्षात ठेवावे, की ‘मान्सूनपूर्व सरी’ हा शब्द सौम्य वाटला तरी त्यात वीज, वादळ आणि गारा या तिन्ही येऊ शकतात.

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमके किती?

संपूर्ण अंदाजातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक दुर्लक्षित शब्द हाच. हवामान विभागाच्या व्याख्येनुसार ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या क्षेत्रातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, त्यापुढे ‘बऱ्याच ठिकाणी’ ५१ ते ७५ टक्के आणि ‘सर्वत्र’ म्हणजे ७५ टक्क्यांहून अधिक.

आता साधे गणित पाहू. नाशिक जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १५,५०० चौरस किलोमीटर, तालुके १५. समजा, एका वादळाने दोन किलोमीटर रुंद आणि १५ किलोमीटर लांब पट्ट्यात गारा टाकल्या. हे क्षेत्र ३० चौरस किलोमीटर, म्हणजे जिल्ह्याचा जेमतेम पाचशेवा भाग. अशी पाच वादळे झाली तरी जिल्ह्याचा ९९ टक्के भाग कोरडा राहतो. अंदाज शंभर टक्के बरोबर ठरलेला असतो, पण बहुसंख्य शेतकऱ्यांना तो चुकल्यासारखा वाटतो. आणि ज्याच्या शिवारात गारा पडल्या, त्याच्या दृष्टीने मात्र ‘तुरळक’ हा शब्दच खोटा असतो.

यात माध्यमांचाही वाटा आहे. डिजिटल डेस्कवर काम करताना आम्हीही ‘तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता’ या ओळीचा मथळा ‘नाशिकला गारपिटीचा तडाखा बसणार’ असा केलेला आहे. मथळ्यातून ‘तुरळक’ आणि ‘शक्यता’ हे दोन्ही शब्द गळाले की अंदाज उरत नाही, भीती उरते. तीन-चार वेळा असे झाले की चौथ्या-पाचव्या इशाऱ्याकडे कोणी पाहत नाही आणि नेमका तोच खरा निघतो.

पिवळा, नारिंगी, लाल : रंग काय सांगतात?

हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे कृती करा. मात्र रंग फक्त पाऊस किती पडेल हे सांगत नाही. संभाव्य परिणाम किती मोठा आणि तो होण्याची शक्यता किती, या दोहोंच्या मेळातून रंग ठरतो. त्यामुळे पिवळ्या रंगामागे ‘किरकोळ पण जवळपास निश्चित’ अशी स्थिती असू शकते, तशीच ‘गंभीर पण शक्यता कमी’ अशीही असू शकते. म्हणूनच रंगावर न थांबता त्याखालची ओळ वाचायला हवी. त्यात वाऱ्याचा वेग, वीज आणि गारा यांचा उल्लेख आहे का, हे पाहावे. ताशी ४१ ते ६१ किलोमीटर वेगाचे झोत असलेले वादळ ‘मध्यम’, तर ६२ ते ८७ किलोमीटरचे ‘तीव्र’ मानले जाते. पत्रे, शेडनेट आणि होर्डिंग यांच्यासाठी हा आकडा पावसाच्या मिलिमीटरपेक्षा महत्त्वाचा आहे. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ जणांचा बळी गेला, तेव्हाही घात केला तो वाऱ्याने.

अंदाज किती आधी मिळतो आणि किती नेमका असतो?

‘हवामान अंदाज’ असे आपण एकेरी म्हणतो, पण प्रत्यक्षात चार वेगवेगळे अंदाज असतात. प्रत्येकाचे काम वेगळे आहे.

पहिला हंगामी. मार्च ते मे या काळाचा अंदाज फेब्रुवारीअखेरीस येतो. तापमान व पाऊस सरासरीच्या वर राहील की खाली, याची शक्यता तो मोठ्या प्रदेशासाठी सांगतो. ‘पाऊस सरासरीइतका’ असे म्हटले म्हणजे गारपीट होणार नाही, असा त्याचा अर्थ नाही. सरासरी पाऊस एका दुपारीही पडू शकतो.

दुसरा विस्तारित. दर गुरुवारी येणारा हा अंदाज पुढील काही आठवड्यांचा कल दाखवतो. वातावरण अस्थिर होण्याकडे झुकते आहे का, एवढेच त्यातून घ्यावे.

तिसरा जिल्हानिहाय. मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून येणारा पुढील चार-पाच दिवसांचा रंगीत इशारा तो हाच. दिवस बऱ्यापैकी कळतो, गाव कळत नाही.

चौथा तात्कालिक, म्हणजे पुढील तीन तासांचा. रडार, उपग्रह आणि वीज टिपणाऱ्या यंत्रणेच्या आधारे तो दिला जातो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ ॲप तुमच्या ठिकाणापासून २० ते ४० किलोमीटर परिसरातील विजांची सूचना देते.

अमेरिकेत वादळाचा अंदाज ‘तुमच्यापासून २५ मैलांच्या आत तीव्र वादळाची शक्यता इतके टक्के’ असा दिला जातो. शेतकरी, शाळा, विमा कंपनी आपापल्या जोखमीनुसार त्यावर निर्णय घेतात. आपल्याकडे टक्क्यांऐवजी शब्द आणि रंग आहेत, त्यामुळे शब्दांचा अर्थ माहीत असणे जास्त गरजेचे.

नाशिकसाठी नेमका अंदाज देणे अवघड का?

एक कारण भूमितीचे आहे. मुंबईतील कुलाबा आणि वेरावली येथील डॉप्लर रडार नाशिकपासून हवाई अंतराने साधारण १४० ते १६० किलोमीटरवर आहेत. रडारचा किरण जवळपास सरळ जातो, पृथ्वी मात्र वक्र आहे. त्यामुळे तो नाशिकवर पोहोचेपर्यंत जमिनीपासून अडीच-तीन किलोमीटर वर गेलेला असतो आणि मालेगावपर्यंत पाच किलोमीटरच्याही वर. शिवाय मध्ये सह्याद्री आहे. ढगाचा वरचा भाग दिसतो, पण खालच्या थरात काय चालले आहे ते निसटते. वादळाची सुरुवात अनेकदा याच थरात होते.

दुसरे कारण वेळेचे. मान्सूनमधील कमी दाबाचा पट्टा अनेक दिवस टिकतो, त्याचा माग काढता येतो. उन्हाळी ढग जन्मापासून विरेपर्यंत अनेकदा तास-दोन तासांचाच असतो. तो नेमका चांदवडवर वाढेल की देवळ्यावर, हे आदल्या दिवशी सांगणे आज जगात कुठेही शक्य नाही. महसूल मंडळ पातळीवर बसवलेल्या ‘महावेध’च्या दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रांमुळे पाऊस किती पडला हे समजते. गारांचे मात्र तसे नाही. त्यांची नोंद आजही बहुतांशी लोकांनी पाहिलेल्यावरच अवलंबून असते.

मग शेतकऱ्याने कोणता निर्णय कधी घ्यावा?

सूत्र सोपे आहे. अंदाज जितका दूरचा, तितका निर्णय स्वस्त आणि मागे घेता येण्याजोगा असावा. महागडा निर्णय जवळच्या अंदाजावर घ्यावा.

*हंगामाच्या सुरुवातीला :* ताडपत्री, प्लास्टिक कागद आणि दोऱ्या आधीच आणून ठेवाव्यात. ढग आल्यावर दुकानात गर्दी होते आणि भावही चढतो. सगळा कांदा एकाच आठवड्यात काढण्याऐवजी काढणी टप्प्यांत करावी. द्राक्ष-डाळिंबाच्या विम्याची मुदत आणि गारपीट संरक्षण तपासून घ्यावे.

*आठवडा आधी :* वातावरण अस्थिर होण्याचा कल दिसत असेल तर काढणी किती पुढे न्यायची ते ठरवावे. जमिनीत उभा असलेला कांदा एखादी हलकी सर सोसतो. उपटून पसरलेला, मान न सुकलेला कांदा भिजला तर चाळीत सडतो. म्हणून जेवढा कांदा सुकवून सावलीत नेता येईल, तेवढाच काढावा. काढणीयोग्य द्राक्षांचा व्यवहार दहा-वीस रुपयांसाठी ताणायचा का, हेही याच वेळी ठरवावे.

*एक-दोन दिवस आधी :* मजुरांचे काम दुपारी दोनपर्यंत संपेल असे नियोजन करावे. कांद्याचे ढीग उंचवट्यावर करून झाकावेत आणि भोवती चर काढावा. पाऊस थांबताच कागद काढावा. आत वाफ धरली तर पावसातून वाचलेला कांदा कागदाखाली खराब होतो. फवारणी आणि पाणी देणे पुढे ढकलावे.

*शेवटचे तीन तास :* आता पिकासाठी काही करू नये. माणसे आणि जनावरे सुरक्षित जागी न्यावीत.

इगतपुरीच्या विभागीय कृषी संशोधन केंद्रातून जिल्ह्यासाठी कृषी हवामान सल्ला दिला जातो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा हा सल्ला गावच्या व्हॉट्सॲप गटावरील फिरत्या संदेशापेक्षा कधीही विश्वासार्ह.

विजेपासून बचाव कसा करावा?

देशात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे वीज पडून मरतात. त्यात उघड्यावर काम करणारे शेतकरी, शेतमजूर आणि गुराखी मोठ्या संख्येने असतात. आवाज एक किलोमीटर अंतर तीन सेकंदांत कापतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे पुढची वीज तुमच्यावरही पडू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

नाशिककरांसाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची. द्राक्षबागेचा मांडव लोखंडी अँगल आणि तारांचा असतो. एका टोकाला पडलेली वीज तारेतून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ शकते. गडगडाट सुरू होताच बागेतून बाहेर पडावे. एकटे झाड, शेततळे, विजेचा खांब आणि उघडी पत्र्याची शेड टाळावी. पक्के घर किंवा काचा लावलेली चारचाकी सुरक्षित. खिशातल्या मोबाइलमुळे वीज पडते, हा मात्र गैरसमज आहे. इशारा त्याच मोबाइलवर येतो, तो बंद करू नये.

नुकसान झालेच तर काय करावे?

सर्वप्रथम पुरावा. बाग साफ करण्याआधी, गारा वितळण्याआधी वेळ व ठिकाणाची नोंद असलेले फोटो आणि व्हिडीओ काढावेत. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत गारपिटीचे संरक्षण ऐच्छिक आहे. त्यासाठी वेगळा हप्ता भरलेला असावा लागतो आणि नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते. खरीप-रब्बी पिकांसाठीचा एक रुपयातील विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला असून भरपाई आता पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनाशी जोडलेली आहे. त्यामुळे एकट्या शिवारावर पडलेल्या गारांची भरपाई जुन्या पद्धतीने मिळेल, असे गृहीत धरू नये.

दुसरा मार्ग सरकारी मदतीचा. गारपीट केंद्राच्या आपत्तींच्या यादीत आहे; अवकाळी पाऊस आणि वीज पडणे यांचा समावेश राज्याने स्वतंत्रपणे केला आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्रीय निकषांत ३३ टक्के किंवा अधिक नुकसान असेल तर बागायत पिकाला हेक्टरी १७ हजार आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, अशी तरतूद आहे. एकराच्या हिशेबात कांद्याला जेमतेम सात हजार आणि द्राक्षबागेला नऊ हजारांच्या आसपास. राज्य सरकार कधी कधी यात भर घालते. तरीही झालेला खर्च त्यातून निघत नाही, हे उघड आहे. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांच्या संयुक्त पंचनाम्यात आपला गट क्रमांक, पीक आणि क्षेत्र बरोबर लिहिले आहे का, हे जागेवरच पाहावे. ई-पीक पाहणीत नोंद नसेल तर पुढे अडचण येते.

पुढे हे संकट वाढेल का?

तापमान एक अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, म्हणजे वादळांना इंधन अधिक मिळते. दुसरीकडे शून्य अंशाची पातळी वर सरकते आणि बारीक गारा वितळतात. या दोन परिणामांच्या ओढाताणीत गारपिटीचे दिवस कमी, पण पडणाऱ्या गारा मोठ्या, असे चित्र काही ठिकाणी दिसू शकते, असे जागतिक संशोधन सुचवते. द्राक्षबागांवरील प्लास्टिक आच्छादन आणि गाररोधक जाळ्या हा उपाय आहे, पण त्याचा खर्च छोट्या बागायतदाराला झेपणारा नाही.

तोवर हाताशी आहे तो अंदाज नीट वाचणे. पुढच्या वेळी ‘तुरळक ठिकाणी’ असा इशारा आला आणि तुमच्या शिवारात थेंबही पडला नाही, तर अंदाज चुकला असे समजून ताडपत्री गुंडाळून माळ्यावर टाकू नका. त्या दुपारी ती दुसऱ्या कोणाच्या तरी कांद्यावर उपयोगी पडलेली असते.